मास्तरांचा खरा चावा

डब्याचं झाकण डब्यावर बसतं, डब्याच्या आत नाही. ही गोष्ट मास्तर पहिलीच्या मुलांना दरवर्षी खडूचा रिकामा डबा हातात घेऊन शिकवायचे. वर, खाली, आत, बाहेर हे सगळे शब्द त्या एका डब्यावर भागायचे. खुद्द मास्तरांच्या तोंडात मात्र नेमका उलटा कारभार होता. तुमच्याआमच्या तोंडात वरचे दात खालच्या दातांवर झाकणासारखे, किंचित बाहेरून बसतात. मास्तरांचे खालचे दात वरच्यांना ओलांडून पुढे येऊन उभे राहत, रांगेत घुसलेल्या माणसासारखे. जबडाच पुढे होता, त्यामुळे हनुवटीही पुढे. मास्तर वळणावर दिसायच्या आधी त्यांची हनुवटी दिसते, असं शाळेचा शिपाई म्हणायचा, आणि ते म्हणणं मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी दोन दिवस वळणं टाळून पाहिली होती.

सफरचंद त्यांना समोरून चावता येत नसे. ते गालाच्या बाजूने खावं लागे, म्हणून ते चारचौघांत सफरचंद खातच नसत. एवढं सोडलं तर त्या जबड्याने त्यांची पंचेचाळीस वर्षं व्यवस्थित काढली होती आणि दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती.

तक्रार आली ती मुलांमुळे.

लहान मूल कानाने शिकतं असा मोठ्यांचा एक समज आहे. मूल शिकतं डोळ्यांनी. तुम्ही त्याला 'फळा' म्हणायला शिकवलंत, तर ते आधी तुमच्या तोंडाकडे बघतं, मग तुमचं सगळं तोंड जसंच्या तसं उचलतं आणि त्यातून 'फळा' काढतं. मास्तरांची तर पद्धतच होती, "माझ्या तोंडाकडे बघा आणि म्हणा." मुलं बघायची आणि म्हणायची. उच्चार स्वच्छ, खणखणीत. फक्त सहामाही येईपर्यंत अख्ख्या वर्गाच्या हनुवट्या पुढे आल्या होत्या.

आईबाप घाबरले. मुलांची तोंडं घेऊन ते गावातल्या एकुलत्या एका तारवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. दात सरळ करायला तार लावतात, त्या ह्या बाई. पहिल्या मुलाचं हाड त्यांनी तपासलं, ठीक. दात, ठीक. दुसऱ्याचंही ठीक. आठवडाभर एकामागून एक हनुवट्या येत राहिल्या तेव्हा बाईंनी तोंडात आरसा घालायचं सोडून सरळ विचारलं, "शाळा कोणती रे तुझी? आणि वर्ग?" मग भरदुपारी दवाखान्याला कुलूप लावून त्या शाळेत आल्या आणि पहिलीच्या खिडकीतून आत डोकावल्या. साथीच्या दिवसांत दूषित विहीर सापडल्यावर होतो तसा चेहरा त्यांचा झाला.

संध्याकाळी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, मास्तरांना बोलावलं.

"मास्तर, तुमच्याइतकं पहिलीला कोणी शिकवत नाही. पण तुम्ही जरा जास्तच शिकवताय."

"म्हणजे काय, बाई?"

"पालक म्हणतात, आमच्या मुलाला अक्षरं शिकवा, चेहरा आमचा आम्ही दिलाय." मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "डॉक्टरीणबाई म्हणतात, शस्त्रक्रियेने जबडा जागेवर आणता येतो. ते मनावर घ्या. नाहीतर मला तुम्हाला नकाशांच्या खोलीत टाकावं लागेल."

"नकाशांच्या खोलीत!"

"नकाशे कोणाची नक्कल करत नाहीत."

मास्तर घरी आले ते तोंडचं पाणी पळालेल्या अवस्थेत. नकाशांची खोली जिन्याखाली होती. तिथे गुंडाळलेले देश, दोन पृथ्वीगोल आणि एक हाडांचा सांगाडा राहत असे. काम काहीच नव्हतं. दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. पण मास्तरांना पहिलीचं वेड होतं. एखादं पोर महिनोन्‌महिने अक्षरांवर नुसतं बोट फिरवत असतं आणि मग एका सकाळी त्या बोटाखालून एकदम शब्द उठतो, पोर दचकून वर बघतं. ते दचकणं बघायला मास्तर दररोज शाळेत जात. सांगाडा कधी दचकणार?

"करून टाकू," ते बायकोला म्हणाले.

"काय?"

"जबडा."

बायकोने भांडं खाली ठेवलं. "अहो, जबडा काय करून टाकायची गोष्ट आहे?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांची सर्जनशी गाठ घालून दिली. सर्जन म्हणजे उंच, मऊ बोलणारा गृहस्थ. काहीही सांगायचं तर आधी कागदावर त्याचं चित्र काढणारा. त्याने मास्तरांचा चेहरा बाजूने काढला, जबड्यावर एक रेघ मारली आणि म्हणाला, "इथे कापायचा, मागे सरकवायचा, पट्ट्या लावून स्क्रूने बसवायचा."

"कपाटाचं दार बसवतात तसं?" बायकोने विचारलं.

"जवळजवळ तसंच," सर्जन खूश होऊन म्हणाला. बायको खूश झाली नाही. त्यांच्या कपाटाचं दार गेली चार वर्षं घासत होतं.

"कापणं अवघड नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अवघड असतं ते आधीचं नियोजन. प्रथम तार. तुमचे दात इतकी वर्षं जबड्याची चूक झाकत आलेत. खालचे आत झुकलेत, वरचे बाहेर झुकलेत, कसंबसं एकमेकांना धरून आहेत. त्यांना आधी आपापल्या जागी सरळ उभं करायचं. मग खरी चूक पूर्ण उघडी पडेल."

"म्हणजे दुरुस्त करायच्या आधी तुम्ही ते आणखी बिघडवणार?"

"बिघडवणार. पण नियोजन करून."

मास्तरांना हे पटलं. वही नीट लिहायची तर आधीचं खोडावं लागतं, हे ते स्वतः शिकवत आले होते. फक्त आजवर खोडरबर त्यांच्या हातात असे.

तार लागली आणि ठरल्याप्रमाणे सगळं बिघडत गेलं. दात सरळ झाले तशी हनुवटी आणखी पुढे आली. बसमध्ये उभे राहिले की ती पुढच्या प्रवाशाच्या खांद्यावरून पलीकडे जाई. वर्ष बदललं, पहिलीला नवीन मुलं आली, आणि नवीन मुलांनी नवीन हनुवटी उचलली. मोठ्या बाई वर्गावरून जाताना नुसता सुस्कारा सोडत.

आता ही गोष्ट शेजारात कळली नसती तरच नवल. शेजारी राहायचे मोजणीकाका. जमिनीची मोजणी करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती आणि निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नव्हतं. ते फीत आणि ओळंबा घेऊनच आले.

"मास्तर, भिंतीला टेकून उभे राहा. हलू नका." त्यांनी कपाळावरून ओळंब्याची दोरी सोडली. लोखंडी लोलक हनुवटीवर आपटून बाजूला लोंबकळू लागला. काका दोन पावलं मागे गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "अतिक्रमण आहे."

"डॉक्टर मागे सरकवणार म्हणतात."

"चूक! हद्दीच्या वादात पहिल्यांदा मागे हटतो तो हरतो. वरचा जबडा पुढे आणा. आपली हद्द वाढवायची."

मास्तरांनी हे सर्जनला हसत हसत सांगितलं. सर्जन हसला नाही. "ते आमच्याही विचारात आहे," तो म्हणाला. "वरचा थोडा पुढे, खालचा थोडा मागे. कोण आहेत हे काका?" तेव्हापासून काका जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले की मास्तरांचा जबडा आपल्याकडे आहे.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचं मत होतं की पालथं झोपावं, डोक्याच्या भाराने जबडा आपसूक मागे जातो. मास्तर एक रात्र पालथे झोपले. जबडा होता तिथेच राहिला, मान तेवढी डावीकडे गेली, आणि दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग डावीकडे मान करून पाढे म्हणाला.

मध्येच रजेचा प्रश्न निघाला. रजा मंजूर करणारे साहेब खिडकीपलीकडे बसत.

"आजार कधी सुरू झाला?" त्यांनी विचारलं.

"आजार नाही. जन्मापासूनच आहे हे."

"जन्मासंबंधी रजा फक्त प्रसूतीला मिळते."

"प्रसूती नाही हो साहेब. जबडा."

"तुटलाय?"

"नाही. तोडणार आहेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चांगला जबडा तुम्ही जाणूनबुजून तोडून घेणार आणि वर रजा मागणार?" मग ते खिडकीतून बाहेर वाकून जरा वेळ मास्तरांकडे बघत राहिले आणि अचानक मवाळ झाले. "आधी डॉक्टरांकडून पक्कं नियोजन आणा. किती सरकवणार, कुठे सरकवणार. अंदाजाने रजा देत नाही आम्ही."

तर गाडी आली नियोजनावर. आणि इथेच मास्तरांनी, आयुष्यभराच्या सभ्यपणापायी, मोठा घोटाळा केला.

जबड्याचं नियोजन कसं करतात ते सांगतो, सोपं आहे. आधी एका पात्रात गुलाबी लगदा भरून तो तोंडात दाबतात. तुम्ही गुदमरता, डॉक्टर म्हणतात "नाकाने श्वास घ्या," तुमचं नाक तेवढ्यापुरतं बंद असतं. लगदा बाहेर काढला की त्यात दातांचा ठसा राहतो. त्यात प्लॅस्टर ओतलं की हुबेहूब दात तयार. असे वरचे आणि खालचे. पण वरचे दात खालच्यांवर कुठे टेकतात हे प्लॅस्टरला काय ठाऊक? म्हणून कोमट मेणाची पट्टी तोंडात ठेवतात आणि सांगतात, "चावा." त्या मेणातल्या खुणांवरून दोन्ही प्लॅस्टरी जबडे एका बिजागरीच्या सांगाड्यावर बसवतात. मग सर्जन ते प्लॅस्टर करवतीने कापतो, सरकवतो, बघतो, पुन्हा सरकवतो. खऱ्या तोंडात करायचं ते आधी खोट्यात करून बघायचं. म्हणजे सगळा खेळ त्या एका चाव्यावर.

मास्तरांनी चावा घेतला. मेण निघालं, प्लॅस्टर बसलं, आणि सर्जन आनंदाने म्हणाला, "वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपं निघालं! जरासाच सरकवायचाय."

बायकोला दाखवायला म्हणून तो सांगाडा टेबलावर ठेवला. तिने तो उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला.

"हे ह्यांचं तोंड नाही."

डॉक्टरीणबाई ताठ झाल्या. "असं होणार नाही. आमच्याकडे अदलाबदल होत नाही."

तरीही कपाटं उघडली. फळ्याफळ्यांवरून लोकांचे जबडे बाहेर आले, टेबलभर मांडले गेले. एक पुढे आलेला, एक तिरका, एक कुठल्याशा कीर्तनकाराला शोभेल एवढा मोठा. बायको एकेकावरून नजर फिरवत होती आणि मास्तर कोपऱ्यात उभे होते. बाजारात आपलीच हरवलेली छत्री ओळखायला बायको उभी आहे आणि आपणच छत्री आहोत, असं काहीसं त्यांना वाटत होतं.

शेवटी ती पुन्हा पहिल्यावर आली. "दात ह्यांचेच आहेत. हा पुढचा कोपरा उडालेला, नळाला पाणी पिताना उडाला होता. पण चावा ह्यांचा नाही. हा ह्यांचा फोटोतला चावा आहे."

"फोटोतला?"

"फोटो काढताना, पाहुणे आले की, साहेब समोर आले की हे जबडा मागे ओढून धरतात. मला पहिल्यांदा भेटायला आले होते तेव्हा हाच घेऊन आले होते. लग्नानंतर आठवड्याने खरा बघितला मी."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांची हनुवटी त्या क्षणीसुद्धा शक्य तेवढी मागे होती.

"मास्तर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुम्ही सगळी शिकलेली माणसं," मास्तर पुटपुटले. "तुमच्यासमोर असं हनुवटी काढून बसायचं म्हणजे... बरं दिसत नाही."

"अहो, ती हनुवटी बघायलाच आम्ही बसलोय!"

सर्जनने शांतपणे चित्र काढून दाखवलं. या चाव्यावर विसंबून कापलं असतं तर मास्तर गुंगीत असताना सभ्यपणा सुटला असता, जबडा आपल्या खऱ्या जागी गेला असता, आणि सगळी मापं चुकून तो भलत्याच जागी कायमचा पक्का झाला असता. स्क्रूने.

मग खरा चावा मिळवायची खटपट सुरू झाली. सर्जन म्हणाला, सैल सोडा. मास्तरांनी सैल सोडायचा इतका जोर केला की कपाळावर घाम आला. जीभ टाळूच्या मागच्या बाजूला लावून चावा. चावले, सभ्य. गिळा आणि चावा. गिळलं, सभ्य. मेणाची पट्टी दिसली की जबडा कुर्निसात करत मागे सरकायचा. बोलतं करून बघितलं, हसवून बघितलं, डॉक्टरीणबाईंनी एकदा रागावूनही बघितलं. रागावल्यावर तर तो घशातच गेला.

"ह्या माणसाला कोणासमोर लाज वाटत नाही?" सर्जनने बायकोला अखेरचा उपाय म्हणून विचारलं.

"माझ्यासमोर अजूनही थोडी वाटते," बायको म्हणाली. "पण पहिलीच्या पोरांसमोर नाही."

म्हणून एका सकाळी सर्जन आणि डॉक्टरीणबाई गरम पाण्याचा थर्मास, मेणाच्या पट्ट्या आणि चिमटा घेऊन पहिलीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. पहिलीचा बाक तो. सर्जनचे गुडघे कानांपर्यंत आले. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. मुलांना तर पर्वणीच.

"सर, हे नापास झाले का?"

"नवीन आलेत," मास्तर म्हणाले. "त्यांच्याकडे बघू नका."

"सर, ह्या मुलाला मिशी आहे!"

"असू दे."

सर्जनच्या शेजारच्या पोराने त्याच्याकडे निरखून बघत विचारलं, "तुला बदक काढता येतं का?" सर्जनने काढलं. पोराने पाहिलं आणि कळवळून सांगितलं, "होईल हळूहळू."

पहिला अर्धा तास काही उपयोगाचा गेला नाही. शेवटच्या बाकावर शिकलेली माणसं बसलीत हे मास्तरांच्या जबड्याला कळत होतं. ते शिकवत होते, पण पाहुण्यांसमोर शिकवावं तसं, फोटोतला जबडा लावून. आणि मुलांचे डोळे! मास्तरांचा जबडा मागे गेलेला पाहून सगळ्या वर्गाने आपापल्या हनुवट्या मागे ओढल्या. चाळीस मुलं एकाएकी बिनहनुवटीची झाली. मोठ्या बाईंनी दाराची चौकट धरली.

मग फळ्यावर मास्तरांनी एक शब्द लिहिला आणि सवयीने विचारलं, "कोण वाचतं?"

तिसऱ्या बाकावरची एक बारकी पोर, तिला सगळे चिमणी म्हणायचे, तिने हात वर केला. वर्षभरात चिमणीने कधी हात वर केला नव्हता. ती अक्षरं ओळखायची, पण ती एकमेकांना जोडली की तिच्या हातून सुटून जायची. मास्तर फळ्यापासून दोन पावलं पुढे आले.

"वाच बाळ. घाई नाही."

"म," चिमणी म्हणाली. मग बराच वेळ गेला. "ग."

मास्तर गुडघ्यावर बसले. शेवटच्या बाकावरची माणसं, दारातल्या बाई, नकाशांची खोली, सगळं त्यांच्या मनातून पुसलं गेलं. त्यांची हनुवटी पुढे निघाली. आली, आली, पूर्ण आली, उन्हाला सरावलेल्या कासवाच्या मानेसारखी बाहेर आली.

"आता!" सर्जन कुजबुजला.

डॉक्टरीणबाई मेण चिमट्यात धरून बाकांच्या मधून ओणव्या पळाल्या. "मास्तर, चावा!"

मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. तोंडाशी आलं ते त्यांनी चावलं, त्यांचं बोट अजून फळ्याकडे होतं.

"म... ग... र," चिमणी म्हणाली. आणि दचकली. "मगर!"

"शाब्बास!" मास्तर मेणातून म्हणाले.

प्लॅस्टरचे जबडे पुन्हा बसवले तेव्हा बायकोने लांबूनच ओळखले. "हो, हे आमचे."

त्यानंतर नियोजन भराभर पुढे गेलं. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर पारदर्शक कागद ठेवून सर्जनने हाडं गिरवली, कागदी जबडा कात्रीने कापून मागे सरकवला, वरचा थोडा पुढे आणला. दोन्हींच्या मध्ये बसेल अशी दातांच्या खाचांची एक पातळ चकती तयार झाली. शस्त्रक्रियेत जबडा तिच्यात जाऊन बसला की बरोबर जागी आला असं समजायचं. मोजणीकाकांनी फीत लावून सगळं तपासलं आणि तडजोडीला मान्यता दिली.

मास्तर आनंदाने मोठ्या बाईंना सांगायला गेले, सोबत डॉक्टरीणबाईही होत्या. आणि बोलता बोलता डॉक्टरीणबाई सहज म्हणून गेल्या, "मग काही आठवडे वरचे-खालचे दात रबराने एकमेकांना बांधून ठेवायचे. तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते दातांतून."

मोठ्या बाई हळूहळू खुर्चीत मागे गेल्या. त्यांना समोर दिसत होतं ते सगळ्यांनाच दिसलं. "म्हणजे चाळीस मुलं दातखीळ बसल्यासारखी बोलणार."

"बाई..."

"नाही मास्तर. हनुवटीपर्यंत मी सहन केलं. आता हे पालकांना मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मास्तरांनी दाताच्या कण्या केल्या. तारांमुळे ते कामही सोपं राहिलं नव्हतं. अखेर डॉक्टरीणबाईंनाच दया आली. त्या म्हणाल्या, तारेला आकडे आहेतच, आत्ताच रबर अडकवून बघू. सरावही होईल आणि मुलांवर काय परिणाम होतो तेही कळेल.

"एक आठवडा," मोठ्या बाई म्हणाल्या. "एका जरी पालकाची तक्रार आली, तर नकाशे."

तो आठवडा मास्तरांनी बंद तोंडाने शिकवलं. फळ्यावर लिहिलं, हातांनी दाखवलं, मगरीसाठी जमिनीवर लोळलेसुद्धा. शब्द निघायचा तो दातांच्या फटीतून गाळून. मुलं डोळे फाडून बघत होती, आणि काय बघत होती ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. प्रत्येक संध्याकाळी ती ओठ मिटून, दात दाबून घरी जायची. मास्तर रात्रभर जिन्याखालच्या सांगाड्याची स्वप्नं बघायचे.

आठवड्याच्या शेवटी पालक आले. एक-दोन नव्हे, चांगला घोळका. मोठ्या बाईंनी मास्तरांना बोलावून घेतलं. मास्तर दाराशी उभे राहिले, जबडा मागे.

"बाई," घोळक्याच्या पुढचे गृहस्थ म्हणाले, "आम्हाला मास्तरांबद्दल बोलायचंय."

"बोला," मोठ्या बाई म्हणाल्या.

"त्यांचे आभार मानायचेत."

मास्तरांना वाटलं, रबरामुळे आता ऐकूही कमी येऊ लागलं.

"आमचा पोरगा घरी बोलतच नाही हो!" एक आई सद्गदित होऊन म्हणाली. "नुसता मान हलवतो. हे का, ते का, हे कुठे जातं, ते कुठून येतं, सगळं बंद! काल मी बसून चहा प्यायले. गरम!"

"मी पेपर वाचला," दुसरे एक जण म्हणाले. "शेवटच्या पानापर्यंत."

"डॉक्टरांना जरा विचारून बघा ना," पहिले गृहस्थ अदबीने म्हणाले, "वरचा जबडा या वर्षी आणि खालचा पुढच्या वर्षी असं करता येईल का? घाई कशाला."

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी मास्तरांकडे पाहून मान हलवली. म्हणजे वर्ग मिळाला. मास्तरांनी हात जोडले आणि वर्गाकडे वळले. आनंद व्हायला हवा होता. तो येईल म्हणून ते चालताना वाटही बघत होते.

वर्गात चाळीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. कोणी कोणाला ढकलत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. वर्ग कसा, नकाशांच्या खोलीसारखा.

तिसऱ्या बाकावर चिमणी उभी होती. तिच्या हातात भिंतीवरून गळून पडलेला एक जुना तक्ता होता, आणि त्यातल्या एका शब्दाखाली तिचं बोट होतं. कोणी शिकवलेला नव्हता तो शब्द. ती दचकली होती. मास्तरांना लांबूनच कळलं. तिने ओठ घट्ट मिटले, दात दाबले आणि सगळा जीव लावून म्हटलं, "म्म्म्म."

मास्तरांनी तोंडात बोट घातलं आणि रबरं उपसून काढली. एक खिडकीबाहेर गेलं, एक फळ्यावर चिकटलं.

"उघड तोंड!" ते ओरडले. "सगळे उघडा! मोठ्याने!"

चिमणीने तोंड उघडलं. "हत्ती!"

"काय?"

"हत्ती!"

"हत्ती!" चाळीस मुलं म्हणाली. आठवडाभराचं साचलेलं होतं ते. मग कोणीतरी "का?" विचारलं, कोणीतरी "कुठे?" विचारलं, बाकं वाजली, आणि खिडक्यांच्या काचा हादरतील असा कल्ला उठला. मधोमध मास्तर, हनुवटी पुढे काढून, सगळ्यांत मोठ्याने.

पालक धावत आले. काल गरम चहा प्यायलेल्या आईने कानांवर हात ठेवले. "बाई, हे काय? पुन्हा सुरू झाली! आमची तक्रार आहे!"

एक तक्रार, तर नकाशे. मोठ्या बाईंनी दारातून आत पाहिलं. चिमणी बाकावर उभी राहून तक्ता नाचवत होती. मोठ्या बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनी पालकांकडे तोंड वळवलं आणि कानामागे हात धरला.

"काय म्हणता? काही ऐकू येत नाही!"

"तक्रार! तक्रार आहे आमची!"

"अजिबात ऐकू येत नाही!" आणि त्या आत शिरून, दार लोटून, गोंगाटावरून मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर! तो जबडा उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घ्या! सुट्टीत वर्ग भरत नाही आणि रजाही लागत नाही!"

दीड वर्षाच्या नियोजनात हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मास्तरांच्याही नाही, आणि आत्ताही आलं नाही, कारण त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

"काय?" मास्तर ओरडले.

"वर्ग तुमचाच!"

"काय?"

मोठ्या बाईंनी छातीत श्वास भरला, टाचा उचलल्या आणि एकेक शब्द तोडून, पहिलीला सांगावं तसं सांगितलं, "वर्ग! तुमचाच!"

पहिलीचा वर्ग तो. बाईंनी तोडून सांगितलेलं काहीही त्या वर्गात वाया जात नाही. चाळीस मुलांनी बाईंच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, टाचा उचलल्या आणि एका सुरात म्हटलं,

"वर्ग! तुमचाच!"